'शक्यतो' या एका शब्दाचा घोळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही ऑनलाइन ब्रिजवर चांगलं अर्धं पान दिलंत, आधी बरं वाटलं. ब्रिजवर कोण छापतंय हो, २०१८ मध्ये जकार्ताच्या एशियाडमध्ये ब्रिज पहिल्यांदा आलं आणि प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने सुवर्ण मिळवलं, एक साठीचा आणि एक छप्पन्नचा, तेव्हा चार दिवस सगळे छापत होते, त्यानंतर शांतता. पण लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात असं म्हटलंय की आता स्पर्धा भरवायला हॉल नको टेबलं नकोत, लिंक पाठवली की संयोजकाचं काम संपलं. तिथे मी थांबलो. कारण मी नुकतीच एक ऑनलाइन टीम स्पर्धा चालवून बसलोय, आणि त्यात जो घोळ झाला तो लिंकचा नव्हता, संगणकाचाही नव्हता, माझा होता. तो कसा झाला ते सांगतो, उद्या तुमचा लेख वाचून कुणी उत्साहाने स्पर्धा काढली तर निदान माझ्याच खड्ड्यात तरी पडू नये.

ज्यांना ब्रिज माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलावर चौघं, समोरासमोरचे दोघं भिडू, जागांना दिशांची नावं, नॉर्थ-साउथ ही एक जोडी आणि ईस्ट-वेस्ट दुसरी. आधी बोली लागते, मग तेरा हात खेळले जातात. टीमच्या खेळात गंमत अशी की एका टीमचे चार खेळाडू दोन टेबलांवर वाटले जातात, एक जोडी पहिल्या टेबलावर नॉर्थ-साउथ आणि दुसरी जोडी दुसऱ्या टेबलावर ईस्ट-वेस्ट, आणि दोन्हीकडे पत्ते तेच्या तेच. म्हणजे मला इथे रद्दी पानं आली तर पलीकडच्या टेबलावर माझ्याच खुर्चीत बसलेल्या विरोधी टीमच्या माणसालाही तीच रद्दी आलीय. पानं वाईट होती ही सबब संपली. मग दोन टेबलांच्या गुणांतला फरक काढायचा आणि ठरलेल्या तक्त्यावरून त्याचे इम्प करायचे, २० ते ४० चा फरक असेल तर १ इम्प, असं चढत चढत ४००० किंवा जास्त फरक पडला तर २४, त्याच्या वर काही नाही.

उदाहरण देतो म्हणजे पुढचं समजेल. वल्नरेबल असताना, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेले असताना, मी चार इस्पिक (इस्पिक हुकूम धरून सहावर चार, म्हणजे दहा हात) बोलून केले तर ६२०, पलीकडे त्यांनी तीनवरच थांबून दहा हात केले तर त्यांना १७०, फरक ४५०, आम्हाला १० इम्प. तोच माझा डाव एका हाताने पडला तर उणे १००, आणि तिकडे तीन इस्पिक बरोब्बर झाले तर त्यांना १४०, एकूण फरक २४०, आमचे ६ इम्प गेले. मिळाले तर १० आणि गेले तर ६, म्हणून टीममध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपासचा गेमसुद्धा, म्हणजे अशी मोठ्या बक्षिसाची बोली, लोक बिनधास्त बोलतात, आणि म्हणूनच एकेका बोर्डवर (एक वाटप म्हणजे एक बोर्ड, पत्ते ज्यात ठेवतात त्या खोक्यावरून हे नाव) इतकी भांडणं होतात. एका पानाने १२ इम्प इकडचे तिकडे होऊ शकतात. झालेच, येतो त्यावर.

तर स्पर्धा. सोळा टीम, स्विस लीग, सहा फेऱ्या, फेरीत आठ बोर्ड, शनिवारी तीन फेऱ्या आणि रविवारी तीन. स्विस म्हणजे पहिली फेरी चिठ्ठ्या टाकून आणि नंतर दर फेरीला साधारण सारखे गुण असलेल्या टीम एकमेकांसमोर, झालेली मॅच पुन्हा नाही. कागदावर फार सुटसुटीत. आठ बोर्डांना प्रत्येकी सात मिनिटं धरली तर छप्पन मिनिटं, म्हणून तासाची फेरी. फक्त एक अडचण आहे, सगळ्या मॅच संपल्याशिवाय पुढच्या फेरीच्या जोड्याच लावता येत नाहीत, म्हणजे एक विचारवंत तिन्ही फेऱ्यांत स्क्रीनकडे बघत बसला की बाकी पंधरा टीम त्याच्या नावाने बोटं मोडत बसतात. हॉलमध्ये असा माणूस दिसतो, डायरेक्टर, म्हणजे पंच, मागे जाऊन उभा राहिला तरी त्याचा हात चालतो. ऑनलाइन तो नुसता एक लाल झालेला आकडा असतो, तो विचार करतोय की त्याचं नेट गेलंय की तो दार उघडायला गेलाय, कळायला मार्ग नाही.

चौसष्ट खेळाडू म्हणजे चौसष्ट आयडी. हे काम लिंक पाठवण्याआधीचं, त्याबद्दल लेखात अक्षर नाही. लोक खरं नाव कळवतात आणि आयडी कळवत नाहीत, कळवला तर चुकीचा, एकाच्या आयडीत इंग्रजी ओ होता की शून्य यावर आमची वीस मिनिटं गेली आणि शेवटी कळलं की एक ओ आहे आणि एक शून्य. एका टीमने कळवलेल्या चौघांतले दोघं त्या दिवशी लॉगिनच होईनात कारण पासवर्ड मुलाला माहीत आणि मुलगा झोपलेला. परदेशातून खेळणारी एक टीम रविवारी बरोबर तासभर उशिरा उगवली, त्यांची काही चूक नाही, त्यांच्याकडे त्याच पहाटे घड्याळं एक तास मागे गेली होती आणि मी वेळ कळवताना फक्त इथली वेळ लिहिली होती, तिकडचा हिशोब त्यांनी शनिवारच्या घड्याळावरून केला. हे मला आधी सुचायला हवं होतं. पहिल्या फेरीत तर मी स्वतः एका मॅचमध्ये नावं भरताना एक जोडी उलटी बसवली, म्हणजे एकाच टीमच्या दोन्ही जोड्या दोन्ही टेबलांवर नॉर्थ-साउथ! तीन बोर्ड झाल्यावर एकाला शंका आली. अशा मॅचमध्ये तुलना कसली, दोन्हीकडे चांगली पानं एकाच टीमला. ते तीन बोर्ड रद्द, पत्ते नवीन, फेरी पंचवीस मिनिटं लांबली, आणि माझ्या चॅटमध्ये जे जे आलं ते इथे छापण्यासारखं नाही.

पण हे सगळं निस्तरता येतं. शिव्या खाल्ल्या की निस्तरतं. आता खरा घोळ.

शुक्रवारी रात्री एका टीमने नाव काढून घेतलं, एकाच्या घरी आजारपण आलं, काही बोलता येत नाही. पंधरा टीम राहिल्या, विषम, म्हणजे प्रत्येक फेरीत एक टीम रिकामी बसणार. मला ते बघवेना. मी तीन मित्रांना फोन लावले आणि म्हटलं चला रे आकडा भरायला बसू आपण चौघं, कोण जिंकायला चाललंय. म्हणजे संयोजक मी, डायरेक्टर मी, आणि खेळाडूही मी. त्या क्षणी मला हे अगदी सोयीचं वाटलं, इतकंच काय थोडं उदारपणाचंही वाटलं. संगणक पत्ते वाटतो, संगणक गुण मोजतो, मला काय करायचंय?

या समजात थोडं तथ्य आहे हे कबूल करायला पाहिजे. समोरासमोरच्या ब्रिजमध्ये डायरेक्टरला ज्या कारणांसाठी टेबलावर बोलावतात त्यातली अर्धी ऑनलाइनमध्ये होतच नाहीत. किल्वर हातात असताना दुसरंच पान टाकलं असं होऊ शकत नाही, प्रोग्रॅम टाकू देत नाही. पाळी नसताना उतारी करता येत नाही. तीन बदामवर कुणी दोन इस्पिक बोलू शकत नाही, ते बटणच दाबलं जात नाही. गुण लिहिण्यात चूक नाही, पत्ते बोर्डात उलटे घालून पुढच्या टेबलाला पाठवणं नाही. अलर्टचंही सोपं झालंय, टेबलावर माझी वेगळ्या अर्थाची बोली माझा भिडू अलर्ट करतो, म्हणजे विरोधकांना सावध करतो, आणि त्यात तो काय समजला हे मलाही कळून जातं, ऑनलाइन मी माझी बोली मीच अलर्ट करतो, खुलासा दोघा विरोधकांना दिसतो आणि भिडूला दिसत नाही. हे तर खरं सांगायचं तर टेबलापेक्षा चांगलं आहे.

उरलेली अर्धी कारणं मात्र दुप्पट चिवट झालीत. वेळ, नेट जाणं, आणि अंडू.

अंडू म्हणजे चुकून भलतंच दाबलं गेलं तर ते मागे घ्यायची विनंती, ती समोरच्यांच्या स्क्रीनवर जाते आणि ते हो किंवा नाही म्हणतात. आता आमच्या नियमावलीत, जी मीच एका संध्याकाळी बसून लिहिली होती, या विषयावर एकच ओळ होती. समोरच्याने अंडू मागितल्यास शक्यतो द्यावं. बस्स. लिहिताना मला ती ओळ फार सभ्य वाटली होती. शक्यतो! आपल्या सोसायट्यांच्या, मंडळांच्या, गेटटुगेदरच्या प्रत्येक सूचनेत हा शब्द असतो, शक्यतो वेळेवर यावे, शक्यतो गाडी आत लावू नये, आणि त्याचा अर्थ प्रत्येकजण आपापल्या सोयीने लावतो. ब्रिजच्या नियमात तो घालणं म्हणजे भांडणाला आवताण धाडणं.

रविवारी पाचवी फेरी. पहिल्या नंबरवर एका ताईंची टीम होती, त्यांचं नाव देत नाही, चाळीस वर्षं खेळतायत आणि आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. दुसऱ्या नंबरवर, कर्मधर्मसंयोगाने, आकडा भरायला बसलेले आम्ही. आमची त्यांची मॅच चौथ्या फेरीत होऊन गेली होती, म्हणून पाचव्या फेरीत त्या तिसऱ्या नंबरच्या टीमशी खेळत होत्या आणि आम्ही चौथ्याशी. पाचवा की सहावा बोर्ड असेल. ताईंच्या टीमचा एक तरुण खेळाडू ईस्टला बसला होता आणि मोबाइलवर खेळत होता. समोरच्या साउथचा डाव तीन नोट्रम्प, म्हणजे हुकुमाशिवाय नऊ हात, वल्नरेबल. डमीत (साउथच्या भिडूच्या टेबलावर उघड्या मांडलेल्या पानांत) किल्वरचे एक्का, राजा, गुलाम, आणि किल्वरची राणी या ईस्टकडे, म्हणजे डमीच्या बरोबर मागे, साउथने गुलामाची फिनेस मारली असती, म्हणजे राणी वेस्टकडे आहे असं धरून गुलाम लावला असता, तर राणीने ती खाल्ली असती आणि डाव एका हाताने पडला असता. पलीकडच्या टेबलावर अगदी तस्संच झालं होतं, तिथे तोच तीन नोट्रम्प एक डाऊन. साउथने आधी बदाम खेळायला घेतले, ईस्टचे बदाम संपलेले, त्याला एक पान फेकायचं होतं. हातात इस्पिकची तिर्री, अगदी फेकायचंच पान, आणि मोबाइलच्या त्या बारक्या पट्टीत तिर्रीला चिकटून किल्वरची राणी.

अंगठा राणीवर पडला.

पोराने तत्क्षणी अंडू मागितलं. साउथने नाही म्हटलं. ताईंनी मॅचच्या चॅटमध्ये आमच्या नियमावलीतली ती ओळ डकवली आणि डायरेक्टरला बोलावलं. डायरेक्टर कुठे होता? डायरेक्टर आपल्या टेबलावर चार इस्पिकचा डाव खेळत होता, अकरावा हात कुठून येईल हे बघत होता, आणि चॅटची खिडकी त्याने लहान करून ठेवली होती कारण सारखं टिंग टिंग वाजत होतं. सहा मिनिटांनी मी ते बघितलं. मग माझा डाव तसाच अर्धा टाकून तिकडे गेलो, इकडे माझे विरोधक विचारायला लागले अहो खेळताय ना, तिकडे दोघं विचारतायत अहो निर्णय द्या ना. एकूण अकरा मिनिटं तो टेबल ठप्प होता.

निर्णय मी दिला तो असा की पान पडलं ते पडलं. कायद्याने तो बरोबर आहे यावर मी आजही ठाम आहे. डुप्लिकेट ब्रिजचे जे २०१७ चे कायदे आहेत त्यात चुकून झालेल्या बोलीला वाट ठेवलेली आहे, पंचविसावा कायदा, भिडूने पुढची बोली देईपर्यंत ती बदलता येते, फक्त हात चुकलेला असला पाहिजे, डोकं चुकलेलं चालत नाही. पण बचाव करणाऱ्याचं पान भिडूला दिसेल असं पुढे आलं की ते खेळलं गेलं, तिथे माघार नाही. मोबाइलवर टेकलेला अंगठा म्हणजे टेबलावर ठेवलेलं पान. साउथला किल्वरचा गुलाम फुकट मिळाला, नऊ हात झाले, ६००. पलीकडे उणे १००. फरक ७००, १२ इम्प. ताई ती मॅच ९ इम्पने हरल्या. तो एक बोर्ड सारखा सुटला असता तर ३ इम्पने जिंकल्या असत्या.

आणि ताई खाली आल्यामुळे पहिल्या नंबरवर कोण गेलं, तर आम्ही.

फेरी संपल्यावर मी ताईंना फोन केला, कायदा समजावून सांगायला, नंबरासकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, दादा, नियम बरोबरच असेल तुमचा, पण तो तुम्ही सांगायला नको होता. इतकंच. मी कायद्याची पुस्तिका हातात घेऊन उभा होतो, ती मिटली.

शेवटी आम्हीच पहिले आलो, म्हणजे बघा. आम्ही चौघांनी मिळून ठरवलं आणि निकालातून नाव काढून घेतलं, तसेही आम्ही भरतीचे होतो. तर पहिला नंबर गेला कुणाला? ज्यांना ते १२ इम्प मिळाले त्याच टीमला. म्हणजे माझ्या मोठेपणाचाही ताईंना काडीचा उपयोग झाला नाही, आणि उलट जिंकलेल्या टीमला वाटतंय की त्यांना नंबर दान मिळाला. त्या साउथला तर लोकांनी फारच बोल लावले. माझं म्हणणं आहे की त्याने काहीही चूक केलेली नाही. नियमात शक्यतो लिहिलं होतं, त्याला ते शक्य वाटलं नाही, विषय संपला. त्याच्या जागी कुणी दिलदार असता तर त्याने अंडू दिलं असतं आणि मग त्याच्या टीममधल्या बाकीच्या तिघांनी त्याला विचारलं असतं की आमचे १२ इम्प तू कोण वाटणारा. दिलदारपणा हा एकट्याचा खेळ असेल तिथे ठीक आहे.

तुमच्या लेखात चीटिंगवर बरंच आहे त्याबद्दलही थोडं. ऑनलाइनमध्ये लबाडी होते हे खरंच आहे, २०२० मध्ये सगळं ब्रिज एकदम स्क्रीनवर गेलं तेव्हा काही नामांकित खेळाडूंनीसुद्धा कबूल केलं की ते दुसऱ्या आयडीने शिरून प्रेक्षक म्हणून स्वतःच्याच टेबलावरच्या चौघांचीही पानं बघत होते. पण लेखाचा सूर असा की हे दुखणं ऑनलाइनने आणलं, ते पटत नाही. जागतिक स्पर्धेत टेबलावर भिडूंच्या मध्ये तिरका पडदा लावायला सुरुवात झाली ती १९७५ च्या बर्म्युडा बोलपासून, आणि त्याच स्पर्धेत पडद्याखालून पायाने पायाला खुणा केल्याची तक्रार झाली, मग पडदा खालीसुद्धा लावायची वेळ आली. २०१५ मध्ये लोकांनी जुने व्हिडिओ बघून बघून शोधून काढलं की मोठमोठ्या जोड्या बोर्ड टेबलावर कुठे सरकवायचा, पान उभं ठेवायचं की आडवं, यातून एकमेकांना कळवत होत्या. ज्याला करायचं तो करतो. आमच्या स्पर्धेत आम्ही प्रेक्षक पूर्ण बंद ठेवले, एका घरातल्या जोड्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसायला सांगितलं, आणि टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मॅच चालू असताना बोर्डाबद्दल अवाक्षर नको असं बजावलं, कारण एक टेबल पाचव्या बोर्डवर असतो आणि दुसरा तिसऱ्यावर. 'काय स्लॅम (बारा-तेरा हातांची बोली) लागला आत्ता' एवढं एक वाक्य पलीकडच्यांना पुरतं, बोलणाऱ्याच्या मनात काही नसलं तरी. आमच्याकडे अशी एकही तक्रार आली नाही. म्हणजे काही झालं नसेलच असं नाही, पण स्पर्धा बिघडली ती लबाडीने नाही, एका प्रामाणिक अंगठ्याने आणि एका प्रामाणिक पण भलत्या जागी बसलेल्या डायरेक्टरने.

जाता जाता, संगणक मुद्दाम वेडेवाकडे पत्ते वाटतो ही तक्रार मात्र दर स्पर्धेत येते, या वेळीही तिघांनी केली. त्यांना सांगून दमलो. बाहेर पाच हुकूम असतील तर ते ३-२ असे वाटले जायची शक्यता ६८ टक्के, ४-१ ची २८ आणि ५-० ची ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पंचवीसेक वेळा एकदा पाचही एकाच हातात असणार, आणि ती एक वेळच माणसाच्या लक्षात राहते. उलट आपण हाताने पत्ते पिसतो तेव्हाच ते नीट पिसले जात नाहीत, कॅट नीट मिसळायला साताच्या आसपास वेळा दोन भाग करून एकात एक घालावे लागतात असं गणितवाल्यांनी १९९२ मध्ये दाखवून दिलंय, आणि आपण तीनदा करतो आणि वाटायला घेतो. मग पानं सपाट येतात आणि आपल्याला वाटतं हेच खरं.

तर पुढच्या वेळचं आम्ही काय ठरवलंय ते सांगतो, कुणाला उपयोगी पडलं तर बघा. जो स्पर्धा चालवेल तो त्या दोन दिवसांत एकही पान खेळणार नाही, टीम विषम झाल्या तर होऊ देत. विषम टीमसाठी एक राखीव चौकडी आधीच सांगून ठेवायची, ज्यांना शनिवारी सकाळी फोन आला तर बसतील आणि नाही आला तर रागावणार नाहीत, अशी माणसं मिळणं अवघड आहे पण मिळतात, रिटायर झालेल्यांत मिळतात. डायरेक्टरच्या निर्णयावर दाद मागायची असेल तर न खेळणारी दोन माणसं वेगळी नेमायची. वेळ सगळ्या ठिकाणची त्या त्या घड्याळाप्रमाणे लिहायची, दोन्ही दिवसांची वेगवेगळी. आयडी बुधवारपर्यंत, आणि प्रत्येक आयडीने गुरुवारी एकदा हजेरी लावून जायची म्हणजे ओ की शून्य ते तेव्हाच कळेल. नेट गेलं तर पाच मिनिटं थांबायचं, मग बदली खेळाडू, तो नसेल तर उरलेले बोर्ड रद्द करून चूक नसलेल्या टीमला बोर्डामागे ३ इम्प, कायद्यात तसंच आहे. रोबोट बसवायचा नाही, रोबोट स्वतःची पद्धत बोलतो आणि मग त्याच्या बोलीचा अर्थ काय यावर नवीन भांडण.

आणि अंडूचा नियम आता असा आहे. बोलीत हात चुकला तर भिडू बोलायच्या आत मागा, मिळेल. विचार बदलला तर नाही. पान पडलं की पडलं. यात शक्यतो नाही, सहसा नाही, खिलाडूवृत्तीने नाही. मसुदा मी ताईंना वाचायला पाठवला होता, त्यांनी फक्त एक ओळ खाली वाढवली, मोबाइलवर खेळू नये. मी विचारलं यात शक्यतो घालायचं का, तर हसल्या आणि म्हणाल्या घाला, ते एक राहू दे.

तुमच्या पुरवणीत पुन्हा कधी हा विषय आला तर लिहिणाऱ्यांना एखाद्या फेरीला डायरेक्टरशेजारी बसवा अशी विनंती आहे. पुढची स्पर्धा दोन महिन्यांनी आहे. टीम पुन्हा सोळाच आल्यात, त्यातली एक आमची, पण तिच्यात माझ्या जागी ईस्टला तोच पोरगा खेळणार आहे. लॅपटॉपवर.

आपला,
एक वाचक, या खेपेला फक्त डायरेक्टर